डोहाकाठचे घर

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून कोकणात उतरणाऱ्या नद्यांची वर्षातून दोन रूपे दिसतात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात शेणवा नावाचे गाव आहे. त्या गावाच्या आसपासच्या मुलखात आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यात ही दोन्ही रूपे फार ठळक आहेत. आषाढ-श्रावणात भातसा, चोरणा, शाई, काळू या नद्या दुथडी भरून वाहतात. गढूळ पाण्याचे लोंढे झाडेझुडपे ओढीत नेतात, ओढ्यांवरच्या फरश्या पाण्याखाली जातात आणि पलीकडच्या पाड्यांवरील मुलांची शाळेची वाट बंद होते. पण होळी झाली, की त्याच मुलखातील ओढ्यांचे आणि लहान नद्यांचे पाणी आटू लागते. काळ्या खडकांचे पात्र उघडे पडते. त्यात गुरे चरू लागतात, आणि आयाबहिणी पात्रातच खड्डा खणून, त्यात झिरपणारे पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. ज्या तालुक्यातील धरणांतून मुंबई शहरास पाणी जाते, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर ही पाळी यावी, हे भूगोलातील एक कोडेच म्हटले पाहिजे!

तरीही उन्हाळ्यात नदी अगदी मरत नाही. जेथे पात्र वळण घेते, जेथे वरून कोसळणाऱ्या पाण्याने वर्षानुवर्षे खडक कोरून काढलेला असतो, तेथे खोल पाणी साठून राहते. त्याला आपण डोह म्हणतो. कोकणात कोठे कोठे कोंड असेही म्हणतात. वर-खाली पात्र कोरडे ठणठणीत असले, तरी डोहात वैशाखातही पाणी असते. नदीतले मासे, खेकडे, कासवे, कोळंब्या सारे त्या चार महिन्यांपुरते डोहाच्या आश्रयास येतात. पहिला पाऊस पडला आणि पात्र पुन्हा वाहू लागले, की हेच मासे सगळ्या नदीत पसरतात. म्हणजे डोह ही नदीची बियाण्याची कणगीच होय. आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट पुरती ओळखली होती. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील वाळण येथे काळ नदीवर एक मोठा कोंड आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. ते कोणी मारीत नाही. उलट भाविक त्यांना खाऊ घालतात. देवीच्या नावाने का होईना, त्या माशांना तेथे अभय मिळाले.

डोहाचे मोल माणसाइतकेच जाणणारा आणखी एक प्राणी आहे. तो म्हणजे पाणमांजर. पाणमांजर कोठे राहते, असे विचारले तर कोणीही चटकन सांगेल, की पाण्यात! पण हे उत्तर पुरते खरे नाही. पाण्यात ते जेवते. राहते मात्र काठावर. त्याचे घर पाहावयाचे असेल, तर पाण्यापेक्षा काठाकडेच अधिक लक्ष दिले पाहिजे. भातसा, शाई, काळू यांसारख्या नद्यांवर एखादे पाणमांजर घर शोधीत आले आहे अशी कल्पना करू, आणि त्याला काय काय हवे ते त्याच्याच दृष्टीने पाहू.

त्यापूर्वी या पाहुण्याची थोडी ओळख करून घ्यावी. नावात मांजर असले तरी ते मांजराच्या कुळातले नव्हे. कानडीत त्याला नीरनायी, म्हणजे पाण्यातला कुत्रा म्हणतात. पण ते कुत्र्याच्याही कुळातले नव्हे. मिंक, बॅजर हे परदेशी प्राणी ज्या कुळातले, त्याच कुळातले पाणमांजर आहे. मराठीत त्याला जळमांजर, हूद आणि ऊद अशीही नावे आहेत. संस्कृतात त्याला उद्र म्हणत. उदक, समुद्र या शब्दांत पाण्याचा वाचक असा जो भाग आहे, तोच उद्र या शब्दात आहे. गंमत अशी, की इंग्रजी भाषेतील ऑटर हे नावही त्याच प्राचीन मुळापासून निघालेले आहे. हजारो वर्षांपूर्वी ज्या लोकांनी या प्राण्यास प्रथम नाव दिले, त्यांनी त्याच्याकडे पाहून पाण्याचीच आठवण केली. मात्र ऊद आणि उदमांजर यांत घोटाळा करू नये. ताडामाडावर चढून फळे खाणारे, कांडेचोर या नावाने ओळखले जाणारे उदमांजर हा अगदी निराळा प्राणी आहे. त्याला पाण्याशी काही कर्तव्य नसते.

महाराष्ट्र व गोवा या भागांत जे पाणमांजर प्रामुख्याने आढळते, त्याचे केस आखूड व तुळतुळीत असतात. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी एक मीटरहून थोडी अधिक आणि वजन सात ते अकरा किलो असते. शरीर लांबट व लवचीक, पाय आखूड, बोटे पातळ कातड्याने जोडलेली, आणि शेपटी टोकाकडे चपटी. पाण्यात शिरताना ते नाकपुड्या व कान मिटून घेते. गढूळ पाण्यात डोळ्यांना दिसेनासे झाले, तरी ओठांवरच्या राठ मिश्यांना माशाच्या हालचालीने पाण्यात उठलेली लहर जाणवते, आणि अंधारातही शिकार सापडते. इतके सारे पाहिल्यावर वाटते, की याला जमिनीची गरजच काय?

गरज आहे, आणि ती त्याच्या अंगावरच्या केसांमुळे आहे. देवमासा किंवा सील यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. तो त्यांना थंडीपासून वाचवतो. पाणमांजराच्या अंगी असा थर नसतो. त्याऐवजी केसांचे दोन पदर असतात. वरचे केस लांब. त्यांखाली अतिशय दाट, मऊ लव. या लवेत हवा कोंडून राहते आणि पाणी कातडीपर्यंत पोचत नाही. थंडीत आपण रजई पांघरतो, तिच्या कापसातही कोंडलेली हवाच ऊब धरून ठेवते; तसेच हे आहे. पण ओली रजई काय कामाची? म्हणून दर थोड्या वेळाने पाण्याबाहेर येऊन केस निथळावे लागतात, वाळूत व गवतात लोळून कोरडे करावे लागतात, जिभेने व दातांनी साफ करावे लागतात. वाळूचा एखादा पट्टा, उन्हाने तापलेला सपाट खडक, किंवा लुसलुशीत गवताचा उतार ही त्याची न्हाणीघराबाहेरची ओसरी होय. जेथे असा काठच नाही, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती आहेत, तेथे पाणी कितीही असो, पाणमांजराचा संसार चालत नाही.

दुसरी गरज अन्नाची. अंगात चरबीचा साठा नाही आणि पाण्यात अंगातील उष्णता भराभर निघून जाते. त्यामुळे त्याला भूक फार. मोठ्या पाणमांजरास दिवसाला सुमारे एक किलो मासे लागतात. ते एकटेदुकटे राहत नाही. आई, बाप आणि मागच्या-पुढच्या वेतांची पिल्ले असे चार-सहा जणांचे, कधी त्याहून मोठे कुटुंब असते. असे कुटुंब रोज पाच-सहा किलो मासे खाणार, तर एका लहानशा डोहावर त्याचा निर्वाह कसा होणार? यासाठी ते नदीचा काही किलोमीटर लांबीचा पट्टा आपला मानते आणि या डोहावरून त्या डोहावर फिरत राहते. आज येथे, उद्या तेथे. एका डोहातले सारे मासे संपवावेत आणि मग उपाशी राहावे, असा अविचार त्याच्या हातून सहसा घडत नाही. शिकारीच्या वेळी सारे कुटुंब फळी धरून पोहते, मासे काठाकडे किंवा उथळ पाण्याकडे रेटते आणि मग पकडते. पोहताना ती एकमेकांना शीळ घातल्यासारखा आवाज देतात. मरळ, वाम, खेकडे, बेडूक, जे मिळेल ते चालते; पण मुख्य आहार माशांचाच. बांगलादेशातील सुंदरबनालगतच्या नडाइल भागात काही कोळी कुटुंबे पाणमांजरे पाळीत आली आहेत. नावेला बांधलेली ही पाणमांजरे मासे पकडून देत नाहीत. काठाच्या लव्हाळ्यांत दडलेले मासे हुसकावून जाळ्यात घालतात. बैलाने मोट ओढावी तसेच हे काम. मात्र मजुरी रोख, माशांच्या रूपाने!

तिसरी गरज, आणि माझ्या मते सर्वांत नाजूक, ती बिळाची. पाणमांजराची पिल्ले जन्मतः आंधळी असतात आणि त्यांना पोहता येत नाही. पाण्यात जन्म काढणाऱ्या प्राण्याच्या पोरांना पोहणे शिकवावे लागते, हे ऐकून नवल वाटेल. प्रारंभी ती पाण्याला भितात देखील. आई त्यांना मानेला धरून पाण्यात नेते, थोडे सोडते, पुन्हा सावरते. हे शिक्षण पुरे होईपर्यंत पिल्लांना कोरड्या, अंधाऱ्या आणि निवांत जागेत ठेवावे लागते. उंबर, करंज, जांभूळ यांसारख्या झाडांची मुळे काठाच्या मातीतून पाण्याकडे उतरलेली असतात. त्या मुळांखालची पोकळी हे त्याचे आवडते ठिकाण. मोठमोठ्या धोंड्यांच्या मधल्या कपारीही चालतात. मऊ मातीचा उंच काठ असेल, तर ते स्वतः बीळ खणते. पुराचे पाणी शिरणार नाही इतके ते उंच हवे, आणि संकट आले तर क्षणात पाण्यात उडी घेता यावी इतके जवळही हवे. आपल्याकडे पावसाळा संपून नद्या निवळल्या, की पिल्ले जन्मास येऊ लागतात. ही वेळ किती अचूक आहे पाहा! पूर ओसरलेला असतो; पुढे दिवसेंदिवस पाणी कमी होत जाते आणि मासे डोहांत दाटी करू लागतात. नेमक्या त्याच काळात पिल्ले पोहावयास आणि शिकार करावयास शिकतात. ज्या उन्हाळ्याची आपणास धास्ती वाटते, तो त्या शिकाऊ पिल्लांना सोयीचा असतो. डोहात पाणी मात्र उरले पाहिजे.

पावसाळ्यात याच्या उलट होते. मुख्य पात्रात पाण्याचा जोर इतका, की मोठ्या पाणमांजरासही तेथे शिकार करणे कठीण. अशा वेळी ती बाजूच्या ओढ्यांकडे, पाणथळींकडे, तुडुंब भरलेल्या तळ्यांकडे वळतात. मासेही तिकडेच वळलेले असतात. पहिल्या पावसाबरोबर अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांतून, शेतांच्या खाचरांतून वर चढतात. ठाणे व रायगड या भागांत याला वलगण म्हणतात, आणि त्या रात्री कंदील, टोपल्या, जाळी घेऊन सारे गाव शेताच्या बांधावर लोटते. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. पाणमांजराचे घर म्हणजे एखादा ठिपका नव्हे. उन्हाळ्यातला डोह, पावसाळ्यातला ओढा, आणि या दोहोंना जोडणारी, झाडाझुडपांनी झाकलेली वाट, हे सारे मिळून त्याचे घर होते. यातले एक जरी तुटले, तरी बाकीचे निरुपयोगी ठरते.

जगात पाणमांजराच्या १३ जाती आहेत. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत त्या पसरल्या आहेत. भारतात तीन जाती आहेत. तुळतुळीत केसांच्या जातीविषयी आपण बोलतच आहोत; तिला संथ, रुंद नद्या, तलाव आणि खाड्या आवडतात. दुसरी जात लहान नखांची. ती वजनाने पाच किलोहूनही कमी. दक्षिणेकडील सह्याद्रीत, कोडगू आणि निलगिरी यांसारख्या डोंगराळ मुलखात, खळाळत्या ओढ्यांवर ती राहते. दगडांखाली बोटे घालून खेकडे चाचपून काढण्यात ती मोठी पटाईत. तिची बोटे माणसाच्या बोटांसारखी नाजूक हालतात, आणि नखे इतकी लहान की ती बोटांच्या टोकांबाहेर जेमतेम दिसतात. तिसरी जात युरोपपासून आशियापर्यंत पसरलेली. भारतात ती हिमालय, ईशान्य भाग आणि दक्षिणेतील डोंगर यांत ठाऊक होती. मध्य भारतात मात्र तिचा भक्कम पुरावा नव्हता. २०१६ साली मध्य प्रदेशातील सातपुडा आणि कान्हा-पेंच या जंगलांत, वाघांसाठी लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांसमोरून ती रात्री निघून गेली, आणि छायाचित्रामुळे तिचे अस्तित्व सिद्ध झाले. अरण्यात कॅमेरा लावला वाघासाठी, आणि दर्शन दिले पाणमांजराने!

परदेशांतील जातींत समुद्री पाणमांजर मात्र सर्व नियमांस अपवाद आहे. पॅसिफिक महासागराच्या उत्तर भागात ते राहते. काठावर येण्याची त्याला फारशी गरज पडत नाही. उताणे तरंगत, लांबलचक समुद्रवेलींचा वेढा अंगाभोवती घेऊन ते झोपते, म्हणजे लाटांबरोबर दूर वाहून जात नाही. छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपले फोडून खाते. त्याच्या लवेइतकी दाट लव दुसऱ्या कोणत्याही प्राण्याची नाही, आणि तीच त्याच्या जिवावर उठली. १७४१ नंतर दीडशेहून अधिक वर्षे कातड्यासाठी त्याची इतकी कत्तल झाली, की १९११ साली आंतरराष्ट्रीय कराराने शिकार थांबवली तेव्हा हजार-दोन हजारच प्राणी उरले होते.

आता पुन्हा आपल्या नद्यांकडे येऊ. भातसा काळूस मिळते, काळू उल्हास नदीस, आणि उल्हास खाडीवाटे समुद्रास. घाटमाथ्यापासून खाडीपर्यंत हा प्रवास शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा. पण त्यात काठाचे किती प्रकार येतात! वर खडकाळ ओढे, मधे डोह आणि भातखाचरे, खाली चिखल आणि तिवरांची झाडी. खाली खारे पाणी आहे, तेथे पाणमांजर राहील काय? राहते. गोव्यात मांडवी नदीच्या मुखाजवळ चोडण आणि दिवाडी ही बेटे आहेत. तेथील तिवरांच्या दाट झाडीत तुळतुळीत केसांची पाणमांजरे आजही राहतात. चोडणच्या टोकास १९८८ साली पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले असून त्यास पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचे नाव दिले आहे. पक्ष्यांसाठी राखलेल्या झाडीत पाणमांजरांनाही आसरा मिळाला. त्या भागात खाजण शेतीची जुनी पद्धत आहे. खाडीला बांध घालून आत शेती करावयाची, आणि बांधात मानस नावाचा लाकडी दरवाजा बसवून भरती-ओहोटीचे पाणी हवे तेव्हा आत-बाहेर करावयाचे. या मानशीपाशी मासे आणि कोळंब्या गोळा होतात. माणूस तेथे जाळे लावतो आणि पाणमांजरही तेथेच टपून बसते. जाळे फाटले की कोळ्याचा संताप होतो, आणि तो अकारण नाही. शेजार म्हटला की कुरबुर आलीच. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नद्यांवर आणि खाड्यांवरही हा शेजार चालू आहे. मात्र खाऱ्या पाण्याने केस चिकट होऊन ऊब कमी होते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्रात मासे मारणारी पाणमांजरे मीठ धुऊन काढण्यासाठी नेमाने गोड्या पाण्याच्या डबक्यांत अंघोळ करतात. खाडीला मिळणारे लहान लहान ओढे म्हणूनच मोलाचे.

धरणांविषयी काय म्हणावे? नदी अडवली, डोह बुडाले, म्हणजे पाणमांजराचे घर गेलेच, असे प्रथमदर्शनी वाटते. पण केरळातील पेरियार जलाशयाचे उदाहरण याविरुद्ध आहे. तेथील धरण १८९५ साली पुरे झाले. जलाशयाभोवती दाट अरण्य आहे, त्याचे काठ अनेक वाकणावळणांचे आहेत, आणि तेथे पाणमांजरांची कुटुंबे सुखाने नांदत आहेत. नावेतून फिरणाऱ्यांना ती कित्येकदा दिसतात. यावरून असे दिसते, की पाणी नैसर्गिक की अडवलेले, हा प्रश्न पाणमांजराच्या दृष्टीने दुय्यम आहे. काठावर झाडी आहे काय, बिळास जागा आहे काय, हे ते प्रथम पाहते. ज्या जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात झपाट्याने खाली जाते आणि झाडी व पाणी यांमध्ये उघड्या, भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा पडतो, तो त्याला कसा आवडेल? दडावयास झुडूप नाही आणि बीळ पाण्यापासून लांब. शहापूरच्या भातसा धरणाची एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबईस जाणारे पाणी धरणाखाली नदीच्या पात्रातूनच सोडतात, आणि पुढे पिसे येथील बंधाऱ्यावर ते उचलून घेतात. त्यामुळे भोवतालचे ओढे वैशाखात कोरडे असताना भातसेचे तेवढे पात्र वाहते असते. पाण्याची सोय झाली. आता काठ कसा राहतो, ते पाहावयाचे.

काठ बिघडण्याच्या रीती अनेक आहेत. वाळू उपसली, की लोळण्याची जागा जाते आणि माशांची अंडी घालण्याची जागाही जाते. धोंडे बांधकामास नेले, की कपारी जातात. काठावरची करंज-जांभळे तोडली, की मुळे कुजतात आणि पुढच्या पुरात काठच ढासळतो. डोहात मोठा पंप लावून उन्हाळी पीक काढले, तर चैत्रातच तळ दिसतो. आणि सर्वांत वाईट रीत म्हणजे डोहात विषारी औषध टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारणे. गळाने किंवा जाळ्याने मासे धरणारा माणूस हवे तेवढे नेतो आणि बाकीचे सोडतो. विष मात्र लहान-मोठे, अंडी-पिल्ले काही पाहत नाही. एका सकाळी चार टोपल्या मासे मिळतात आणि पुढच्या वलगणीस वर चढावयास कोणी उरत नाही. विष टाकलेल्या डोहाचे पाणी गुरे पितात, कधी माणसेही पितात, हे आणखी वेगळेच.

विषाचा मार्ग किती लांबचा असतो, हे इंग्लंडात दिसून आले. १९५० नंतरच्या दशकात तेथे बियाण्यांस आल्ड्रिन आणि डिएल्ड्रिन ही कीटकनाशके चोळू लागले. पावसाने ती धुपून ओढ्यात गेली, ओढ्यातून माशांत, माशांतून पाणमांजरांत. कोणी त्यांच्यावर बंदूक रोखली नव्हती. तरी देशाच्या मोठ्या भागातून ती नाहीशी झाली. पुढे त्या औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, नद्या सुधारल्या, आणि पाणमांजरे एकेका परगण्यात परत येऊ लागली. २०११ साली केंट परगण्यात त्यांच्या खुणा सापडल्या, तेव्हा इंग्लंडातील प्रत्येक परगण्यात ती पुन्हा पोचल्याची नोंद झाली. जावयास थोडी वर्षे लागली आणि परतावयास सुमारे अर्धे शतक.

आशियात याहून चमत्कारिक गोष्ट घडली ती सिंगापूर शहरात. तेथील नदी एके काळी गटारासारखी झाली होती. १९७७ साली सरकारने ती स्वच्छ करण्याची दहा वर्षांची मोहीम हाती घेतली. पुढे १९९८ च्या सुमारास तुळतुळीत केसांची पाणमांजरे किनाऱ्याच्या पाणथळीत दिसू लागली, आणि त्यानंतर भर वस्तीतील उद्यानांत, उंच इमारतींच्या पायथ्याशी त्यांची कुटुंबे राहू लागली. आता तेथील लोकांच्या हौदांतले शोभेचे मासे ती कधीकधी फस्त करतात, आणि नागरिकांत त्यावरून वाद होतात. नदीत मासाच नव्हता त्या दिवसांपेक्षा हा वाद बरा!

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाणमांजराची शिकार बंद केली. २०१९ साली जिनीव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तुळतुळीत केसांच्या आणि लहान नखांच्या या दोन्ही जातींच्या व्यापारावर कडक बंदी घालण्यात आली. परंतु कायद्याने प्राणी वाचला, तरी त्याचे घर आपोआप वाचत नाही. हे ओळखून कर्नाटक राज्याने २०१५ साली तुंगभद्रा नदीचा मुदलापूर ते कंपली हा सुमारे ३४ किलोमीटरांचा पट्टा पाणमांजरांसाठी राखून ठेवला. तो अरण्यातला नव्हे. काठाला गावे आहेत, शेते आहेत, जवळच हंपीचे प्रसिद्ध अवशेष आहेत. नदीत मोठमोठे खडक आहेत, बेटे आहेत, लव्हाळी आहेत. माणसांच्या शेजारी नदीचा काठ राखता येतो की नाही, याची ती परीक्षाच आहे.

पाणमांजर दिवसा क्वचितच दृष्टीस पडते. पण काठ वाचता येत असेल तर त्याचा पत्ता लागतो. यासाठी डोहाकडे एकट्यादुकट्याने जाऊ नये. गुरुजी किंवा घरातील जाणती माणसे बरोबर असावीत, आणि वेळ सकाळची असावी. ओल्या वाळूत पाचही बोटांचा ठसा उमटलेला दिसला, तर थांबावे. कुत्र्याच्या व मांजराच्या पावलाची चारच बोटे उमटतात. मुंगसाच्या पावलाचा ठसा पाच बोटांचा, पण फार लहान. पाणमांजराचा ठसा साधारण मोठ्या माणसाच्या अर्ध्या तळहाताएवढा असतो, आणि माती मऊ असेल तर बोटांमधील पडद्याची पुसट रेघही दिसते. मागे शेपटी ओढल्याची खूण कधी असते, कधी नसते. गवताचा एखादा तुकडा दबून, गोल मळलेला असेल, तर तेथे कोणी लोळून अंग पुसले आहे असे समजावे. मग वळणावरचा, पाण्यावर डोकावणारा उंच खडक पाहावा. आपल्या हद्दीची निशाणी म्हणून पाणमांजरांचे सारे कुटुंब एकाच जागी विष्ठा टाकते. ती ताजी असताना काळपट, ओली आणि माशांच्या उग्र वासाची असते. उन्हाने ती वाळते, भुरभुरीत पांढरी होते, आणि काडीने उकरून पाहिले तर तिच्यात माशांची खवले अभ्रकासारखी चमकतात, बारीक काटे दिसतात, आणि मधूनमधून खेकड्याच्या कवचाचे तांबडे तुकडे.